घामाला वाट देणारी गादी

मे महिन्याच्या दुपारी नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत एक विचित्र गोष्ट घडते. एसी पूर्ण जोरात असतो. समोरच्या जाळीतून येणारा झोत चेहऱ्याला, बोटांना गार करत असतो. तरीही दीड-दोन तासांनी पेट्रोल पंपावर उतरलेल्या ड्रायव्हरची पाठ पाण्यात बुडवून काढल्यासारखी ओली असते. शर्ट सीटला चिकटलेला असतो आणि सुटताना रेक्झिनवरून चर्र आवाज करतो. मांड्यांमागे पँट ओली, कमरेला घामोळं. गाडीत गारवा भरपूर असतो, पण तो माणसाच्या पुढच्या अर्ध्या अंगालाच मिळतो.

मागच्या अर्ध्या अंगाला काय मिळतं, ते सीट उसवून पाहिलं की कळतं. वर रेक्झिन किंवा कातडं, त्याखाली चार-पाच बोटं जाडीचा पॉलियुरेथेनचा फोम. फ्रिजच्या भिंतींत थंडावा कोंडून ठेवण्यासाठी जो फोम भरतात, त्याचाच हा मऊ भाऊ. त्याच्या बारीक कप्प्यांत हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णतेला जवळजवळ वाट देत नाही. वर रेक्झिन पाण्याच्या वाफेलाही बाहेर जाऊ देत नाही. थोडक्यात, भर नवतप्यात पाठीला आणि मांड्यांना गोधडी बांधून, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून माणूस सहा-सात तास बसलेला असतो.

घरी बसून गार सीट तयार करू पाहणाऱ्या माणसाने आधी हे समजून घ्यावं. पाठीखाली थंडी आणायची, असंच बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं. मग बर्फाच्या पिशव्या, जेलचे पॅक, थंड होणाऱ्या चकत्या सुरू होतात. प्रत्यक्षात थंड करायचं यंत्र माणसाच्या कातडीत आधीपासूनच बसवलेलं आहे आणि ते फार ताकदवान आहे. सीट त्याचं तोंड दाबून धरते, एवढीच अडचण आहे.

शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॉट इतकी उष्णता सतत तयार होत असते. गाडी चालवताना ती थोडी वाढते. ही उष्णता बाहेर टाकण्याचं उन्हाळ्यातलं मुख्य साधन म्हणजे घाम. कातडीच्या तापमानाला एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. तासाला १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला घाम पूर्ण वाळला, तर ते ६७ वॉटचं थंडीकरण झालं. शरीराच्या एकूण उष्णतेचा अर्ध्याहून मोठा हिस्सा एवढ्याने निघतो. मात्र यात 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. कपड्यात मुरलेला, कंबरेवरून ओघळलेला, सीटच्या शिवणीत झिरपलेला घाम यांतलं काहीच करत नाही. शरीर पाणी आणि मीठ गमावतं आणि बदल्यात गारवा मिळत नाही. शिवाय कातडी सतत ओली राहिली की घाम येणंच मंदावतं, छिद्रं तुंबतात, घामोळं उठतं.

म्हणून चांगल्या सीटचं पहिलं काम आहे पाठ आणि गादी यांच्यामधून हवा वाहती ठेवणं. ती हवा बर्फासारखी गार असण्याची गरज नाही. ती हलती आणि ओल पिऊ शकणारी असली की पुरे.

हे शहाणपण नवं नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या खुर्च्यांची बैठक वेताच्या जाळीची असे. उन्हाळ्यात अंगणात टाकलेली सुंभाची बाज खालून हवा घेते. टॅक्सी आणि ट्रकच्या सीटवर पसरलेला लाकडी मण्यांचा आसनपट हाही त्याच विचारातून आलेला आहे. मणी गोल असल्यामुळे पाठ फक्त त्यांच्या माथ्यांना टेकते, मधल्या फटींतून हवा खेळते आणि थोडंसं हललं तरी ती बदलते. त्याला वीज लागत नाही, तो बिघडत नाही. ज्याला शिवणकाम, वायरिंग काहीच करायचं नाही, त्याने मण्यांचा आसनपट घ्यावा. बाजारातल्या जेलच्या उश्यांपेक्षा तो कितीतरी प्रामाणिकपणे काम करतो.

मोटारींच्या जगातही एकेकाळी गाद्या श्वास घेत. फोक्सवॅगनच्या बीटलच्या सीटमध्ये नारळाचा काथ्या आणि घोड्याचे केस यांचं भरण असे. असल्या भरणातून हवा आरपार जाते. पुढे फोम आला. तो स्वस्त, हलका, हव्या त्या साच्यात ओतता येणारा, त्यामुळे काथ्या मागे पडला आणि पाठ ओली राहू लागली. तो प्रश्न मोटार कंपन्यांनी मग पंखे लावून सोडवला. स्वीडनच्या साबने १९९७ मध्ये आणलेल्या ९-५ या गाडीत सीटच्या आत छोटे पंखे होते आणि ते भोकाच्या कातड्यातून हवा आत ओढून घेत. थंड हवा सोडण्याऐवजी ओली हवा शोषून घ्यायची, ही त्यातली खरी हुशारी. अमेरिकेत अमेरिगॉन या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने वेगळा मार्ग धरला. २००० च्या मॉडेलच्या लिंकन नॅव्हिगेटरमध्ये तिची सीट आली, तिच्यात विजेवर गार होणाऱ्या पेल्टिए चकत्यांवरून हवा फिरवून ती बसणाऱ्याकडे सोडलेली होती. आज भारतातल्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही 'व्हेंटिलेटेड सीट' मिळते. तिच्यात बहुधा साबचीच कल्पना असते, म्हणजे पंखा आणि भोकं. गार करणारं यंत्र वेगळं काही नसतं.

एवढ्याशा पंख्याने काय होणार, अशी शंका रास्त आहे. तिला उत्तर देणारी दोन उदाहरणं आहेत. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्नमेंटने एक कचेरीची खुर्ची तयार केली. तिच्या जाळीमागे बारीक पंखे आहेत आणि गार करताना ती सारी मिळून ३.६ वॉट वीज खाते. मोबाइल चार्ज व्हायलाही याहून जास्त लागते. त्या खुर्चीत बसलेल्या माणसांना खोली २९ अंशांवर असतानाही बरं वाटत होतं. दुसरं उदाहरण कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या अपारंपरिक ऊर्जा प्रयोगशाळेचं. तिथे 'ॲडम' नावाचा पुतळा आहे. त्याची कातडी शंभराहून अधिक तुकड्यांत विभागलेली आहे, प्रत्येक तुकड्याचं तापमान वेगळं मोजता येतं आणि त्याला घामही येतो. असा घाम येणारा पुतळा सीटवर बसवून तिथल्या संशोधकांनी हवेशीर सीट तपासल्या. पाठ कोरडी राहिली तर माणूस एसी थोडा कमी करूनही सुखात बसतो, आणि त्यातून एसीवर जळणाऱ्या इंधनात सातेक टक्के बचत होऊ शकते, असा त्यांचा हिशेब निघाला. सगळी पेटी गार करण्यापेक्षा पेटीतला माणूस गार करणं स्वस्त पडतं. विजेवरच्या गाडीत तर ही बचत थेट किलोमीटरमध्ये मोजता येते.

आता घरच्या कामाकडे. बहुतेक पहिले प्रयोग एकाच ठिकाणी फसतात. संगणकातला चौकोनी पंखा काढायचा, सीट कव्हरच्या मागे भोक पाडून तो बसवायचा आणि १२ व्होल्टला जोडायचा. पंखा जोरात फिरतो, आवाजही करतो, पण पाठीपर्यंत काही पोचत नाही. हे असं का होतं? मोकळ्या जागेत भरपूर हवा फेकणारा पात्यांचा पंखा दाबाच्या बाबतीत फार दुबळा असतो. त्याला जेमतेम काही मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतकाच दाब तयार करता येतो. समोर ६०-७० किलोच्या माणसाने दाबलेली गादी आली की तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो. ढाब्यावर तंदूरला किंवा लोहाराच्या भट्टीला गोल पोटाचा, गोगलगाईसारखा ब्लोअर लावतात, तो कोळशाच्या थरातून हवा घुसवायची असते म्हणूनच. सीटला त्याचंच छोटं भावंड हवं: तळहातावर मावणारा, १२ व्होल्टचा, सेंट्रिफ्युगल ब्लोअर. तो अर्धा-पाऊण अँपिअर वीज घेतो, म्हणजे सहा ते नऊ वॉट.

ब्लोअरइतकीच महत्त्वाची आहे ती हवेची वाट. ती वजनाखाली चपटी होता कामा नये. लॅपटॉपच्या बॅगेच्या पाठीला किंवा खेळाच्या बुटांना जी जाड, स्प्रिंगसारखी जाळी असते, तिचं जाडजूड रूप बाजारात 'एअर मेश' किंवा स्पेसर जाळी म्हणून वारावर मिळतं. दोन कापडांच्या मध्ये ताठ नायलॉनचे उभे धागे असतात आणि ते वजन पेलतात. दहा-बारा मिलिमीटर जाडीची जाळी चांगली. ती मिळाली नाही तर रबर लावलेल्या काथ्याचा पातळ थरही चालतो. बीटलच्या सीटची तीच तर जुनी गोष्ट आहे.

रचना अशी. सर्वांत खाली रेक्झिन किंवा ताडपत्रीचा तुकडा, कारण खालून हवा गळून चालणार नाही. त्यावर जाळी. जाळीवर विरळ विणीचं सुती कापड किंवा पातळ मेश. चारही कडा ताडपत्रीला घट्ट शिवून टाकायच्या आणि शिवणीच्या भोकांवर आतून चिकटपट्टी लावायची. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेतून एक लवचिक नळी आत घ्यायची, साधारण दोन इंच व्यासाची, वळवली तरी न चेपणारी. तिचं दुसरं टोक ब्लोअरला. ब्लोअर सीटच्या मागे किंवा खाली, पण पायांपासून लांब.

हवा फुंकायची की ओढायची, यावर घरगुती कारागिरांत मतभेद दिसतात. ज्या गाडीत एसी आहे तिथे ओढलेली बरी. ब्लोअर ओढू लागला की समोरची गार, कोरडी हवा मांडीच्या आणि कुशीच्या बाजूने आत शिरते, पाठीवरून सरकते, ओल घेते आणि मागे निघून जाते. फुंकण्यात सीटखालची हवा वापरावी लागते, आणि ती बहुतेक गाड्यांत सर्वांत गरम आणि धुळकट असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर विचारूच नये. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेंपी इथल्या तापत्या दिवसांत उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं. तासाभराने उन्हातल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीत उभ्या गाडीची सीट ४१ वर थांबली. दहा अंशांचा हा फरक कोणत्याही पंख्याने लगेच भरून निघत नाही. म्हणून सावली शोधणं आणि काचेला पडदा लावणं हाही सीट गार करण्याच्या कामाचाच भाग धरावा.

शिवून झालेली गादी तपासायला उदबत्तीसारखं उपकरण नाही. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून एकाने सीटवर नीट टेकून बसायचं, ब्लोअर चालू करायचा आणि दुसऱ्याने पेटती उदबत्ती कडेकडेने हळूहळू फिरवायची, कापडापासून चार बोटं लांब धरून. मांडीच्या बाजूला धूर वर जाता जाता अचानक वाकतो आणि कापडात शिरतो. तिथे हवा चालू आहे. थोडं पुढे, गुडघ्याच्या दिशेला, तो सरळ वर जात राहतो. तिथे जाळीपर्यंत ओढ पोचत नाही, किंवा कडेची शिवण सुटून वाटेतच हवा आत घुसते आहे. बसणाऱ्याने वजन एका कुशीवर टाकलं की धुराची रेघ बदलते. बैठकीच्या दोन हाडांखाली जाळी सर्वांत जास्त चेपते, तिथे तिचा दुसरा तुकडा घालावा लागतो. तीन-चार वेळा शिवण उसवून, पुन्हा घालून, अखेर धूर दोन्ही बाजूंनी सारखा वाकू लागला की गादी जमली. हे काम एका रविवारात होतं. घाईने केलं तर पुढच्या रविवारी परत करावं लागतं.

किती हवा पुरते? हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण समृद्धी महामार्ग त्याला उत्तम प्रयोगशाळा पुरवतो. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांना जोडतो. नागपुरात मे महिन्यात हवा ४४ अंश आणि दमटपणा १५ टक्के धरला, तर तिच्या एका घनमीटरमध्ये नऊ-दहा ग्रॅम पाण्याची वाफ असते. कातडीजवळची ३५ अंशांची पूर्ण ओली हवा जवळपास ४० ग्रॅम धरू शकते. म्हणजे नागपूरची एक घनमीटर हवा पाठीवरून जाताना जास्तीत जास्त ३० ग्रॅम घाम पिऊ शकते. आमण्याच्या बाजूला ३४ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असेल तर हवेत आधीच २४ ग्रॅम वाफ असते, उरते १५ ग्रॅमची जागा. म्हणजे निम्मी.

पण निम्मीही पुष्कळ आहे. ब्लोअरने सेकंदाला पाचच लिटर हवा ओढली तरी तासाला १८ घनमीटर होतात. आमण्याच्या हवेत त्यांची कमाल ताकद २७० ग्रॅम घामाची. सगळी हवा पाठीला लागत नाही, काही कडेने निसटते. तेव्हा तिचा चौथा हिस्साच कामी आला असं धरलं तरी ६७ ग्रॅम घाम वाळतो, आणि हे झालं ४५ वॉटचं थंडीकरण. ब्लोअरने खाल्लेल्या विजेच्या पाच-सहा पट. एसीने कोरडी केलेली हवा ओढली, तर कोकणातही आकडा नागपूरच्या जवळ जातो.

विदर्भातल्या माणसाला इथे कूलर आठवणारच. वाळ्याचे पडदे आणि कूलरच्या ताट्या ज्या तत्त्वावर चालतात, त्यात नवीन काही नाही. नागपूरच्या त्या ४४ अंशांच्या कोरड्या हवेला पाण्यातून नेलं तर ती कागदावर २३ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मग गाडीत छोटा कूलर का नको? अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटी भागात १९३० च्या दशकापासून असे कूलर खरोखर होते. धातूचं लांबोडकं नळकांडं बाजूच्या काचेच्या कडेला अडकवायचं, आत ओली भरण, पुढून वारा शिरायचा आणि आतल्या अंगाने गार होऊन यायचा. थर्माडोर या कंपनीचे 'कार कूलर' त्यात प्रसिद्ध होते. कोरड्या वाळवंटात ते चांगले चालत. मात्र त्यांची एक अट होती, ती आजही सुटलेली नाही: दुसऱ्या बाजूची काच उघडी हवी. बंद गाडीत कूलर अर्ध्या तासात हवा इतकी ओली करतो की घाम वाळणंच थांबतं, म्हणजे गादीचं काम बिघडतं. आणि इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून गाडी ठाणे जिल्ह्यात उतरली की त्याच कूलरची ताकद जेमतेम पाच-सहा अंशांवर येते. सीटच्या गादीत पाणी सोडणं तर टाळावंच. फोममध्ये ओल राहिली की आठवड्यात बुरशीचा वास येतो.

एसी असलेल्या गाडीत त्याहून चांगली युक्ती म्हणजे समोरच्या एका जाळीतून नळी काढून थेट गादीत नेणं. तिथे हवा बारा अंशांच्या आसपास मिळते. सेकंदाला तीन लिटर एवढीच घेतली आणि ती पाठीवरून जाताना तीस अंशांपर्यंत तापली, तर ती ६५ वॉट उष्णता घेऊन जाते. वर घाम वाळतो तो वेगळा. अडचण नळीची. ती गिअरच्या, हाताच्या, एअरबॅगच्या वाटेत येता कामा नये. उजव्या कोपऱ्यातल्या जाळीतून दाराच्या कडेने नेलेली नळी बहुधा गोंधळ करते. मधल्या जाळीतून सीटच्या डाव्या अंगाने नेलेली बरी. शिवाय सलग तासभर बारा अंशांची हवा एकाच जागी लागली तर कंबर आखडते, तेव्हा नळीला झडप हवी.

एसी नसलेल्या गाडीचं काय? पस्तीसच्या आत-बाहेर हवा असेल तोवर नुसता ब्लोअरही सुख देतो. पण बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम झाली की प्रत्येक लिटर हवा घाम वाळवते, तशी उष्णताही आणून टाकते. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांवर विजेचे पंखे वापरू नका असं सांगते, ते याचसाठी. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या दुपारी हा उंबरठा सहज ओलांडला जातो. तिथे पाण्याचा मार्ग धरावा लागतो.

पाण्याने माणूस गार करण्याची विद्या अवकाशवीर वापरतात. स्पेस शटलच्या काळापासून वापरात असलेल्या स्पेससूटच्या आत घालायच्या कपड्यात सुमारे ९० मीटर बारीक नळी शिवलेली असते आणि तिच्यातून गार पाणी फिरतं. शर्यतीच्या गाड्या चालवणारेही नळ्या शिवलेला शर्ट घालतात, तो बर्फाच्या पेटीला जोडतात. २०२३ च्या ऑक्टोबरात कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत उष्म्याने ड्रायव्हर कोसळायला आले. लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. त्यानंतर नियम आला: उष्मा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाईल असा अंदाज असेल तर गाडीत शीतकरणाची यंत्रणा बसवायची. २०२५ साली सिंगापूरच्या शर्यतीत तो पहिल्यांदा लागू झाला. ट्रकच्या केबिनमध्ये रोज आठ-दहा तास बसणाऱ्या माणसालाही तोच घाम येतो, आणि त्याची शर्यत दोन तासांत संपत नाही.

घरगुती आवृत्तीला लागतं काय? झाकणाची थर्माकोलची पेटी किंवा आइसबॉक्स, १२ व्होल्टचा छोटा पाण्यातला पंप, सहा-आठ मिलिमीटरची सिलिकॉनची नळी. नळी सापासारखी वळवत कापडावर टाचायची आणि ते कापड मण्यांखाली नाही, थेट पाठीशी ठेवायचं. मिनिटाला अर्धा लिटर पाणी फिरलं आणि ते पाठीशी दोनच अंश तापलं, तरी ७० वॉट निघतात. एक किलो बर्फ वितळून २० अंशांपर्यंत येईतो सुमारे ११५ वॉट-तास उष्णता घेतो. तीन किलो बर्फ कागदावर पाच तास पुरतो, पण पेटीतून आणि नळीतून शिरणारा ताप धरला तर तीन तास. सुटा बर्फ टाकण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. त्या गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत, कारण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. वितळल्यावर तेच पाणी पिता येतं, आणि घाम वाळवण्याच्या सगळ्या हिशेबाला प्यायचं पाणी लागतंच. फिरतं पाणी अगदी बर्फगार ठेवण्यात मात्र तोटा आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, पाठ बधिर होते आणि आतली उष्णता बाहेर यायची थांबते. अठरा-वीस अंशांचं पाणी जास्त काम करतं.

पेल्टिए चकतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरी प्रयोग करणारे हमखास तिच्या मोहात पडतात. फ्रान्सच्या जाँ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये पाहिलेल्या परिणामावर चालणारी ही चार सेंटिमीटर चौरस चकती शे-दोनशे रुपयांत मिळते. वीज दिली की एक बाजू बोटाला झोंबेल इतकी गार होते. टेबलावर ती जादू वाटते. सीटमध्ये तिचा हिशेब असा: बारा व्होल्टवर ती चार-पाच अँपिअर, म्हणजे पन्नासेक वॉट खाते आणि दोन्ही बाजूंच्या तापमानात उपयोगी पडेल एवढा फरक ठेवून पंचवीसेक वॉट उष्णता उचलते. दुसऱ्या बाजूला दोन्हींची बेरीज, ७५ वॉट, बाहेर पडते, आणि ती टाकायला मोठा ॲल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा लागतो. सीटखाली हा ठोकळा म्हणजे छोटी शेगडीच. पाकिटावर छापलेले ५०-६० वॉट दोन्ही बाजू सारख्या तापमानाला असतानाचे असतात, आणि तशा अवस्थेत गारवा मिळतच नाही. तेवढीच वीज ब्लोअरला दिली तर पाच-सहा गाद्या चालतील.

काही गोष्टींत मात्र हौस बाजूला ठेवावी. ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, तिच्या कडेला 'एअरबॅग' असं छोटं लेबल असतं. त्या कुशीवर शिवलेलं काहीही येऊ देऊ नये. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही, त्यांतून वीज घेणं तर दूरच. गादी दोन-तीन सेंटिमीटरहून जाड नको आणि ती सीटवर सरकता कामा नये. ब्रेक लागल्यावर गादीसकट माणूस पट्ट्याखालून पुढे घसरला तर पट्टा पोटावर चढतो. बर्फाची पेटी डाव्या सीटमागे पट्ट्याने बांधलेली हवी. पेडलखाली घरंगळणारी पाण्याची बाटली जीव घेऊ शकते. वीज सिगारेट लायटरच्या जोडातून घ्यावी आणि वायरमध्ये त्या जोडाजवळच दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज घालावा. गाडीचा स्वतःचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो. एवढ्या प्रवाहाने बारीक वायर आधी पेटते, फ्यूज नंतर उडतो. सीट पुढे-मागे सरकते त्या रुळांत वायर चेपणार नाही, हे सीट दोन्ही टोकांना नेऊन पाहायचं.

ट्रकमध्ये वेगळी काळजी लागते, कारण तिथे वीज २४ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना ती २८ पर्यंत जाते. १२ व्होल्टचा ब्लोअर तिथे काही मिनिटांत जळतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सर्रास केली जाते, पण त्याने एक बॅटरी उपाशी आणि दुसरी जास्त भरलेली राहते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चा ब्लोअर घ्यावा, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला आहे. तो यायला फार उशीर झाला, आणि त्या तारखेआधी बनलेले ट्रक अजून कित्येक वर्षं याच रस्त्यांवर धावणार आहेत. त्यांच्या केबिनमध्ये पायाशी इंजिनाचा ताप, डोक्यावर तापलेला पत्रा आणि पाठीशी रेक्झिन असतं. मण्यांचा आसनपट, त्याखाली जाळीची गादी, २४ व्होल्टचा ब्लोअर आणि दुपारच्या चार तासांसाठी गोठवलेल्या बाटल्यांची पेटी, एवढा सरंजाम तिथे सर्वांत जास्त गरजेचा आहे. दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली उभी करण्याची मुभा मालकाने दिली, तर तिच्याशी मात्र कोणतीच गादी बरोबरी करू शकत नाही. भोवळ, मळमळ, घाम एकदम थांबणं यांपैकी काही जाणवलं तर गाडी कडेला घ्यायची, सावलीत आडवं व्हायचं, अंगावर पाणी मारायचं आणि मदत बोलवायची. अशा वेळी ब्लोअरच्या भरवशावर पुढचा टप्पा गाठायला जाऊ नये.

चालू झालेली गादी टिकते ती देखभालीवर. ओढणारा ब्लोअर घामाची ओल घेतो, तशी कापडाचे तंतू, बिस्किटाचा चुरा आणि रस्त्याची बारीक धूळही घेतो. महिन्याभरात पात्यांवर करडा, चिकट थर बसतो आणि हवा निम्मी होते. आवाज तेवढाच येत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. म्हणून वरचं कापड चेन लावून सुटं करता येईल असं शिवावं, पंधरा दिवसांनी धुवावं. घामाच्या मिठाने पांढरे पट्टे पडलेलं ते कापड धुण्याच्या बादलीत टाकलं की पाणी लगेच मातकट होतं. जाळी साध्या पाण्याने धुवून उन्हात उभी टांगावी, ब्लोअरचं झाकण काढून पाती जुन्या दातांच्या ब्रशने पुसावीत, आणि सगळं परत बसवल्यावर पुन्हा एकदा उदबत्ती लावून धूर कुठे वाकतो ते पाहावं.